'जंतू ते जंतू' असं नसतं गं

पत्र: ताई, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. गेल्या चार महिन्यांत आमच्या घरात आजारांची नुसती रांग लागलीय. आधी सहा वर्षांच्या मुलाला ताप-सर्दी, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, म्हणाले व्हायरल आहे, आठवडा लागेल. मग सासूबाईंना लघवीचं इन्फेक्शन, त्यांना मात्र लगेच अँटिबायोटिक, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून त्यांनी उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. मग ह्यांना जांघेत गजकर्ण, मित्राने सांगितलेली ट्यूब लावली, आठ दिवसांत गायब आणि महिन्याभरात दुप्पट होऊन परत. आणि आता मुलाच्या शीमध्ये बारीक पांढरे जंत, रात्रभर खाजवत असतो. त्यात काल संध्याकाळपासून त्याला पुन्हा ताप. सासूबाई म्हणतात माझ्या गोळीतली अर्धी दे, जंतू ते जंतू, एकाला मारते ती दुसऱ्यालाही मारेल. देऊ का? आणि सगळे जंतूच असतील तर प्रत्येकाला वेगळं औषध कशाला? ता.क. मला एकटीला काहीच झालं नाही, माझी इम्युनिटी भारी आहे असं समजू का?

उत्तर:

अगं, आधी घाईचं उत्तर, बाकीचं पुराण नंतर. नको देऊस ती गोळी. अर्धी नको, पाव पण नको. मोठ्या माणसाच्या लघवीच्या इन्फेक्शनची गोळी अंदाजाने तोडून लहान पोराला द्यायची नसते, त्यातली काही औषधं तर मुलांना शक्यतो देतच नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्याला नक्की काय झालंय हे अजून कोणालाच माहीत नाही. आत्ता करायचं एवढंच, की डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल, सारखं थोडं थोडं पाणी किंवा पातळ काहीतरी, आणि त्याच्याकडे लक्ष. ॲस्पिरिन अजिबात नाही. श्वास भरभर चालला, छातीत खड्डे पडायला लागले, काही पीतच नाही, तासन्‌तास लघवी नाही, गुंगीत आहे, फिट आली, मान ताठ झाली, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो पहाट असो, उठायचं आणि जायचं. तसं काही नसलं तरी ताप तिसऱ्या दिवशी टिकून असेल तर डॉक्टरांना दाखव. आणि सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही, मी आयुष्यभर मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये स्लाइडी बघितल्यात, त्यामुळे पेशंट मला कमी कळतो आणि त्याच्यातला पाहुणा जास्त.

आता सासूबाईंचं 'जंतू ते जंतू'. त्यांची चूक नाही, चूक त्या शब्दाची आहे. आपण एकाच पोत्यात चार जणांना भरलंय ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही. व्हायरस, बॅक्टेरिया, बुरशी आणि परजीवी. नुसती साइज बघ. फ्लूचा व्हायरस आणि तुझ्या मुलाच्या शीमधला तो एक सेंटिमीटरचा जंत, यांच्या लांबीत एक लाख पटींचा फरक आहे. मुंगीला लाखपट ताणलं तर ती तीनशे मीटरची होईल, एवढा फरक. आणि नुसता आकाराचाच नाही, जात पण वेगळी. बुरशी ही बॅक्टेरियापेक्षा आपल्या जवळची नातेवाईक आहे, खोटं वाटेल पण तिची पेशी आपल्या पेशीसारखी असते, आत केंद्रक असलेली, बॅक्टेरियाला ते नसतं. आणि व्हायरसला तर पेशीच नाही.

अजून एक गोष्ट मनातून काढ, की हे सगळे आपल्याला आजारी पाडायला टपलेले असतात. कोणालाही आपलं वाईट करायचं नसतं, प्रत्येकाला खायचंय आणि पोरं वाढवायचीत, बास. तुझ्या अंगात आत्ता अंदाजे 38 लाख कोटी बॅक्टेरिया आहेत, तुझ्या स्वतःच्या पेशींच्या बरोबरीने, आणि तू पत्र लिहितेयस की मी ठणठणीत आहे. आजार होतो तो कोणीतरी चुकीच्या जागी पोचला, किंवा त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आपलं काहीतरी मोडलं, किंवा (हे लोक विसरतात) आपल्याच शरीराने त्याला हाकलताना घराची तोडफोड केली म्हणून. तुझ्या घरात योगायोगाने चारही नमुने येऊन गेलेत, म्हणून एकेक घेते.

मुलाचा पहिला ताप, तो व्हायरल. व्हायरस म्हणजे पाकिटात घातलेली चिठ्ठी समज, चिठ्ठीवर लिहिलंय 'माझ्या कॉप्या काढा', आणि कॉप्या काढायचं मशीन त्याच्याकडे नाही, ते आपल्या पेशीकडे आहे. फ्लूचा व्हायरस नाका-घशातल्या पेशीवरच्या एका साखरेच्या रेणूला पकडतो, पेशी त्याला आत घेते, आणि मग तिची सगळी यंत्रणा स्वतःचं काम सोडून ह्याच्या कॉप्या काढत बसते, काही तासांत नवीन व्हायरस बाहेर पडून शेजारच्या पेशीत जातात आणि ती पेशी मरते. या पेशींवर बारीक केस असतात, ते सतत हलून कफ आणि धूळ वर ढकलत असतात, म्हणजे श्वासनलिकेची झाडूवालीच. ती मेली की कफ साचतो, खोकला लांबतो, आणि न झाडलेल्या घरात मग बॅक्टेरिया शिरायची संधी बघतात. म्हणून एक खूण लक्षात ठेव, सर्दी-ताप उतरला, पोरगं खेळायला लागलं, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा जोरात ताप आणि खोकला, तर ते परत दाखवायचंच, कारण आता दुसरा कोणीतरी आत आलेला असू शकतो.

ताप मात्र व्हायरस आणत नाही, तो आपण आणतो. पेशींना कळतं की घुसखोरी झाली, त्या आरडाओरडा करतात (इंटरफेरॉन वगैरे केमिकल्स), तो निरोप मेंदूतल्या थर्मोस्टॅटपर्यंत जातो आणि तो सदतीसवरून एकोणचाळीसवर सेट होतो. आता शरीर खरं सदतीसवर आहे पण सेटिंग एकोणचाळीसचं, म्हणून पोरगं तापत असताना थंडी वाजते म्हणून पांघरूण मागतं आणि आपण गोंधळतो. अंगदुखी, मरगळ, खावंसं न वाटणं, हे पण बरंचसं आपल्याच फौजेचं काम.

आता अँटिबायोटिक इथे का चालत नाही ते बघ. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं बॅक्टेरियाच्या भिंतीचं बांधकाम बंद पाडतात, आपल्या पेशीला तशी भिंत नसते म्हणून आपण वाचतो. दुसरी काही औषधं बॅक्टेरियाचं प्रोटीन बनवायचं मशीन बिघडवतात, ते आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचं असतं. व्हायरसला भिंतही नाही आणि मशीनही नाही, तो वापरतो ते तुझ्या मुलाचंच मशीन. मग गोळी मारणार कशाला? पोटातल्या निरपराध बॅक्टेरियाला मारते, आणि वर जुलाब. व्हायरसवर औषधं नाहीतच असं नाही, फ्लूवर आहे, नागिणीवर आहे, एचआयव्हीवर तर चांगली आहेत, पण प्रत्येक औषध त्या त्या व्हायरसच्या एकेका खोडीवर नेम धरून बनवलेलं, म्हणून सरसकट सगळ्या व्हायरसना चालेल असं काही मिळत नाही.

आणि सगळे व्हायरस सर्दीसारखे आठवड्यात निघून जात नाहीत. कांजिण्यांचा व्हायरस पुरळ गेल्यावर मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत झोपून राहतो, कधी कधी पन्नास वर्षं, आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की त्याच नसेवरून खाली येतो, त्यालाच आपण नागीण म्हणतो, म्हणून ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते. रेबीजचा व्हायरस चाव्याच्या जागेवरून मज्जातंतू पकडून सावकाश मेंदूकडे चालतो, त्या सावकाशपणामुळेच चावल्यानंतर दिलेली लस कामाला येते, आणि लक्षणं दिसायला लागली की जवळपास काहीच हातात राहत नाही. चावा बसला तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी लसीला पळायचं, यात 'बघू दोन दिवस' नाही.

आता सासूबाईंचं प्रकरण, बॅक्टेरिया. लघवीच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आणि तो बाहेरून येत नाही, आपल्याच आतड्यात सुखाने राहणारा भाडेकरू आहे. तिथे असेपर्यंत काही तक्रार नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, तेवढं अंतर चढून तो मूत्राशयात पोचला की त्याच्या अंगावरच्या बारीक धाग्यांनी अस्तराला चिकटतो, नाहीतर लघवीच्या धारेबरोबर वाहूनच गेला असता. तो चिकटला की पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते, जळजळ होते, सारखी लागल्यासारखं वाटतं. लॅबमध्ये मनासारखं खाद्य आणि ऊब मिळाली तर हा वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, म्हणजे एकापासून सुरू करून सात तासांत वीस लाखांच्या वर. शरीरात एवढं ऐसपैस मिळत नाही त्याला, पण वेग कळावा म्हणून सांगितलं.

त्या वेगातच उरलेल्या गोळ्यांची गोम आहे. एवढ्या कॉप्या निघताना चुका होतात, एखाद्या चुकीमुळे एखादा त्या औषधाला जरा जास्त दाद देत नाही. औषध पुरेसं आणि सांगितलेले दिवस घेतलं तर शरीर मिळून त्यालाही संपवतं. कधी निम्म्यात सोडलं, कधी दुसऱ्याच आजाराला घेतलं, असं करत राहिलं की साधे मरतात आणि हट्टी राहतात, त्यांना जागाही मोकळी मिळते. वर बॅक्टेरिया ही हट्टाची विद्या एकमेकांना देतात, डीएनएचा छोटा तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे, तेही कधी कधी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियाला. मी कल्चर प्लेटवर हे रोज बघायचे. पेशंटच्या लघवीतले बॅक्टेरिया अख्ख्या प्लेटवर पसरवायचे, वर औषधाच्या छोट्या छोट्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर गरम पेटीत. सकाळी उघडलं की चालणाऱ्या औषधाच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल चंद्र दिसतो, आणि न चालणाऱ्या टिकलीला बॅक्टेरिया खेटून वाढलेले असतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत प्लेटभर चंद्र असायचे. नंतर नंतर एखादी प्लेट अशी यायची की एकही चंद्र नाही, आणि खाली नाव एखाद्या आजींचं, मग रिपोर्ट लिहिताना हात जड व्हायचा. सासूबाईंना परत जळजळ झाली तर जुनी गोळी काढायची नाही, आधी लघवीचं कल्चर.

सगळे बॅक्टेरिया असे चिकटून, घुसून त्रास देतात असंही नाही, काही नुसतं विष सोडतात. पटकीचा म्हणजे कॉलराचा बॅक्टेरिया आतड्याच्या भिंतीत शिरत पण नाही, वरवर बसून एक विष सोडतो, त्याने पेशींमधले क्षाराचे नळ उघडेच राहतात आणि क्षारामागून पाणी, माणूस तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. हे विषाचं काम आहे हे कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं. आणि गंमत बघ, नळ उघडे असले तरी साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा दुसरा दरवाजा शाबूत असतो, ओआरएस त्याच दरवाज्याने पाणी आत नेतं. म्हणून ओआरएसमध्ये साखर चवीला नसते, तिच्याशिवाय मीठ आत जात नाही, आणि पाकीट जितक्या पाण्यात सांगितलंय तितक्यातच मिसळायचं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हेच द्रावण पिंपातून प्यायला दिलं आणि तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. धनुर्वाताचं पण विषच, मातीतले बीजाणू खोल जखमेत हवा नसलेल्या जागी जागे होतात, त्यांचं विष नसेवरून वर चढून स्नायूंचा ब्रेक काढून टाकतं, मग जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी. लस असते ती त्या विषावर.

घशाचं एक सांगते म्हणजे तू सगळ्याच घसादुखीला व्हायरल म्हणून बसणार नाहीस. बहुतेक वेळा असतंच व्हायरल, पण स्ट्रेप नावाच्या बॅक्टेरियाने घसा धरला आणि तो तसाच सोडला तर काही मुलांत आपली अँटिबॉडी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या हृदयाच्या झडपेवरच तुटून पडते. तिथे अँटिबायोटिक हवंच, आणि पूर्ण हवं. कुठली घसादुखी कुठली हे तू आणि मी पत्रातून ठरवायचं नाही, घसा बघूनच ठरतं.

आता यजमानांकडे वळते, कारण खरं सांगू, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त डोक्यात गेलं ते त्या मित्राची ट्यूब.

गजकर्णाची बुरशी केरॅटिन खाते, म्हणजे त्वचेचा वरचा मेलेला थर, नखं, केस. जिवंत भागात तिला रस नाही, सदतीस डिग्रीची ऊब बहुतेक बुरश्यांना मानवतच नाही, म्हणून त्या बाहेर बाहेर राहतात. एका ठिपक्यापासून सुरू होते, चहूबाजूंनी कडेकडेला सरकते, मध्ये त्वचा बरी दिसते आणि कडा लाल, खवलेदार, म्हणून ते गोल दिसतं. ती लाली आणि खाज बुरशीची नाही हं, ती आपल्या प्रतिकाराची. आता ती ट्यूब. अशा 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबमध्ये बऱ्याचदा तगडं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि स्टेरॉइड काय करतं, तर प्रतिकाराला गप्प बसवतं. लाली गेली, खाज गेली, माणूस खूश, ट्यूब बंद. आणि खाली बुरशी आता कोणी ओरडणारं नाही म्हणून निवांत पसरते. मग ट्यूब थांबवली की दुप्पट. आठ दिवसांत गायब, महिन्यात दुप्पट, हे तुझं वाक्य वाचलं तेव्हाच मी ट्यूब न बघता ओळखलं, तरी पण त्यावरची बारीक अक्षरं वाच एकदा, शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं एखादं नाव दिसेल (शेवटी 'झोल' असेल तर ते बुरशीचं औषध, ते वेगळं). अशा ट्यूबने जांघेतली त्वचा पातळ होऊन पांढरट-लाल चट्टे पडतात, ते मग जात नाहीत.

आमच्याकडे असे पेशंट आले की कडेची थोडी खपली पात्याने खरवडून स्लाइडवर घ्यायची, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि दहा-वीस मिनिटं थांबायचं. त्वचेच्या पेशी त्यात विरघळून काचेसारख्या होतात, बुरशीची भिंत विरघळत नाही. मग डोळा लावला की धूसर फरशीवरून कोणीतरी दोरे टाकून गेल्यासारखे लांब, फांद्या फुटलेले धागे दिसतात, मध्ये मध्ये आडव्या रेघा. साध्या गजकर्णात दोन-चार धागे शोधायला लागायचे. स्टेरॉइडवाल्यांच्या स्लाइडवर जाळंच असायचं, शोधायची गरज नाही.

तर त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठव, ट्यूब सोबत घेऊन, आणि लपवायचं नाही. औषध बहुतेक आठवड्यांच्या हिशोबात चालेल आणि डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस लावायचं. बुरशीवर औषधं मुळात कमी आहेत, ती आपल्या पेशीसारखी आहे ना, तिला मारावं तर आपल्यालाही लागतं, आपल्या आणि तिच्या पेशीच्या आवरणातल्या चरबीत थोडासा फरक आहे त्यावर बरीचशी औषधं उभी आहेत. त्यातली पण अशी अर्धवट वापरून घालवायला लागलो तर कठीण आहे. टॉवेल वेगळा, आतले कपडे सैल आणि पूर्ण वाळलेले, ओलं अंग पुसल्याशिवाय कपडा चढवायचा नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाला गोल दिसलं तर त्याचाही एकदमच इलाज, नाहीतर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

बुरशी आत शिरते ती बहुतेक वेळा प्रतिकार पडल्यावरच. 2021 मध्ये कोविडनंतर ज्याला 'काळी बुरशी' म्हणत होते ती म्युकर, तिचे बीजाणू हवेत, मातीत, सगळीकडे असतात, आपण रोज श्वासात घेतो आणि काही होत नाही. पण साखर खूप वाढलेली, वर स्टेरॉइड, अशा शरीरात ती रक्तवाहिन्यांत घुसते, रक्त अडतं, पुढचा भाग मरून काळा पडतो. काळी ती बुरशी नव्हेच, काळं ते मेलेलं मांस. आणि साधं उदाहरण सासूबाईंचंच, अँटिबायोटिकनंतर खाली खाज, पांढरं जायला लागलं तर त्याला त्या इन्फेक्शन परत आलं म्हणतील, पण बरेचदा ती कँडिडा नावाची बुरशी असते, शेजारचे बॅक्टेरिया गोळीने मेले आणि तिला मोकळं रान मिळालं. त्यावर पुन्हा तीच गोळी म्हणजे अजून रान मोकळं.

राहिले जंत. तू लिहिलंयस तसे सुतासारखे, पांढरे, रात्री खाज, म्हणजे बहुतेक पिनवर्म. मादी रात्री पोरगं झोपलं की बाहेर येते, गुदाभोवती हजारो अंडी घालते, त्याने खाज सुटते, पोरगं झोपेत खाजवतं, अंडी नखात, नख तोंडात, झाली चक्राला सुरुवात. अगदी खाजवण्यावरच त्याचा संसार चाललाय, हुशार आहे. औषध सोपं आहे पण ते जंत मारतं, अंडी नाही, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरा डोस देतात, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. नखं कापून टाक, सकाळी उठल्यावर आंघोळ, चादरी आणि चड्ड्या गरम पाण्याने, आणि त्या चादरी झटकायच्या नाहीत, अंडी उडतात. यात अस्वच्छ आई वगैरे काही नसतं, शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला होतं, त्याला ओरडू नकोस.

पिनवर्म तसा सज्जन. मोठा गोल जंत असतो तो तीस सेंटिमीटरपर्यंत, त्याची अळी आतडं भेदून रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात चढते, आपण गिळतो आणि ती परत आतड्यात, एवढा प्रवास कशासाठी देव जाणे. हूकवर्म आतड्याला दातांनी धरून रक्त पितो, थोडं थोडं, महिनोन्‌महिने, माणूस पांढराफटक होतो आणि आपण लोहाच्या गोळ्या देत बसतो. परजीवी सगळे जंतच असतात असंही नाही, हिवतापाचा प्लाझ्मोडियम एकपेशीय, डासातून आधी यकृतात, मग लाल रक्तपेशीत, हिमोग्लोबिन खाऊन मोठा होतो आणि एका प्रकारात दर 48 तासांनी सगळ्या भरलेल्या पेशी एकदम फुटतात, तेव्हाच हुडहुडी भरून ताप येतो. स्लाइडवर लाल पेशीच्या आत खडा बसवलेल्या नाजूक अंगठीसारखा दिसतो, इतका सुंदर की पहिल्यांदा बघितला तेव्हा मी मैत्रिणीला हाक मारून दाखवला होता, आणि मग लक्षात आलं की हे कोणाचं तरी रक्त आहे. त्यातला फाल्सिपॅरम पेशी चिकट करून मेंदूतल्या बारीक वाहिन्या तुंबवतो. म्हणून डासांच्या दिवसांत मुलाचा ताप हुडहुडी भरून येत असेल तर रक्त तपासायला सांग, अंदाजाने गोळी नाही. जंतांनी एवढा मोठा ताप सहसा येत नाही, त्यामुळे कालचा ताप आणि जंत ही दोन वेगळी प्रकरणं समजून दोन्ही डॉक्टरांना सांग.

साबणाचं विचारलं नाहीस पण राहवत नाही. फ्लू किंवा कोविडच्या व्हायरसला वरून चरबीचं आवरण असतं, साबण आणि सॅनिटायझर दोन्ही ते फोडतात. पण उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसला तसं आवरणच नाही, आणि जंताच्या अंड्याचं कवच टणक, तिथे सॅनिटायझर चोळून फारसं साधत नाही, चोळून, खळखळून धुवून घालवावंच लागतं. शी-शू नंतर बाटली दाखवायची नाही त्याला, नळ दाखवायचा.

सासूबाईंना वाईट वाटू न देता तो डबा घे आणि गोळ्या औषधवाल्याला विचारून नष्ट कर, बेसिनमध्ये ओतू नकोस. त्यांना म्हण, आजी, पोलिसांकडे चोराचा फोटो नसेल तर ते गल्लीतल्या पहिल्या माणसाला धरतात, तसं करायचंय का नातवाच्या पोटात. पटेल त्यांना, सासवांना पोलिसांची उदाहरणं पटतात असा माझा अनुभव आहे.

आणि तुझी ती इम्युनिटी. मुलाचा व्हायरस तुलाही चढला असणार, तू त्याची नाकं पुसत होतीस, पण त्याच्यासारखे दहा-वीस व्हायरस तू लहानपणापासून बघितलेत, तुझ्या पांढऱ्या पेशींकडे जुने फोटो आहेत, त्यांनी गुपचूप आवरलं असेल, एखादा दिवस डोकं जड होतं ते तू कामाच्या नादात विसरलीस. लघवीचं इन्फेक्शन उडून येत नाही, ते तुला होणारच नव्हतं. गजकर्ण अजून येऊ शकतं, लक्ष ठेव. आणि जंत, अगं, मोठ्यांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही, तू त्याच्याच पांघरुणात झोपतेस. तेव्हा घरातल्या सगळ्यांची जंताची गोळी घ्यायचं ठरेल त्या दिवशी तुझी पण घ्यायची, फक्त दिवस गेलेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधी डॉक्टरांना सांग.